परतीला डुलणारी खोली

आप्पांची खोली चाकांवर होती. खरं तर तो ट्रेलर; पण घरात, गल्लीत आणि आसपासच्या तीस-चाळीस गावांत त्याला ट्रेलर कुणीच म्हणत नसे. ‘खोली आली’ एवढं कानावर पडलं की माणसं हातातलं काम टाकून रांगेला लागत. आत डोळे तपासायची खुर्ची, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, पुढच्या अंगाला पाण्याची टाकी, मागच्या अंगाला काचा घासायचं यंत्र, आणि त्याच्या शेजारी आप्पांनी स्वतः रंधा मारून केलेलं छप्पन्न खणांचं लाकडी कपाट. प्रत्येक खणात एकेका नंबरची भिंगं. सव्वीस वर्षं आप्पांनी ही खोली ओढून चष्मे लावले होते. जिथे दवाखाना नाही, दुकान नाही, तिथे खोली जायची, सकाळी उभी राहायची आणि संध्याकाळी पन्नासेक माणसांना दिसायला लावून परत यायची.

ओढायला होती ती थोरली. थोरली म्हणजे ट्रक. बुटकी, रुंद, जड आणि हट्टी. चढावर दम खायची, पण मागे काय बांधलंय याची तिला पर्वाच नसे. यंदा तिच्या सांगाड्याला तडा गेला. वेल्डरने खालून टॉर्च मारून पाहिलं आणि तो टोपी काढून बाजूला उभा राहिला. आप्पा काय ते समजले.

मग धाकटी आली. तीही वापरलेलीच, पण उंच, तरतरीत, आणि आतून एवढी गुबगुबीत की आई म्हणाल्या, “ह्यात बसून माणूस कामाला जाईल की झोपायला?” आई म्हणजे आप्पांच्या पत्नी. त्यांची जीभ चष्म्याच्या काचेसारखी, घासून धार लावलेली.

धाकटी चालवायची होती सुनेने. मुलगा बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यात. आप्पांच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिला होता. सून डोळे तपासण्याचं रीतसर शिकून आलेली, तेव्हा खोलीचा कारभार आपसूक तिच्याकडे गेला. आप्पा शेजारच्या सीटवर बसत. काचा घासायचं काम अजून त्यांचंच होतं आणि रस्ताभर सूचना देण्याचंही.

पहिल्या फेरीला जाताना सगळं सुरळीत होतं. दिवसभर काम झालं, बेचाळीस माणसं तपासली. परत येताना घाटाच्या खालच्या लांब उतारावर गाडीने वेग घेतला आणि आप्पांना वाटलं, मागून कुणीतरी सीट धरून हलवतंय. आरशात पाहिलं तर खोली डुलत होती. आधी बोटभर, मग हातभर, मग इतकी की तिचा एकेक कोपरा आळीपाळीने आरशात दिसायला लागला. धाकटीचा मागचा भाग खोलीबरोबर ओढला जात होता.

आप्पांच्या तोंडून “ब्रेक, ब्रेक” निघालं. सुनेने ब्रेकवर पाय ठेवला नाही. तिने फक्त वेगावरचा पाय काढला, चाक दोन्ही हातांनी सरळ धरलं आणि खोली जिकडे जाईल तिकडे चाक फिरवायचा मोह टाळला. खोली आणखी तीन-चार वेळा डुलली, मग थकल्यासारखी सरळ झाली. गाडी बाजूला घेऊन सून खाली उतरली आणि जोडणी नीट बसली आहे का ते पाहून आली.

“घट्ट आहे सगळं,” ती म्हणाली.

“जोडणी घट्टच असणार. हात सैल पडला तुझा,” आप्पा म्हणाले. “सव्वीस वर्षांत एकदा नाही हलली.”

 घरापर्यंत सुनेने वेगाचा काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही.

दोन दिवस ज्याला त्याला मत होतं. ज्याच्याकडून धाकटी घेतली तो म्हणाला, ट्रेलर म्हातारा झाला. समोरचा टेम्पोवाला म्हणाला, पुढे वजन जास्त आहे, बघा ना ट्रकची शेपूट कशी दबलीय, मागे वजन टाका म्हणजे पुढचं हलकं होईल. हे आप्पांना पटलं. खोली जोडली की धाकटी मागे बसायची, हे त्यांनीही पाहिलं होतं. सुनेला विचारायचं त्यांच्या मनात आलं, पण विचारायला जावं तर आधी ‘हात सैल’ हे बोलणं गिळावं लागलं असतं. त्यापेक्षा त्यांनी सकाळी लवकर उठून वाळूची दोन पोती खोलीच्या अगदी मागच्या टोकाला, बाकांच्या खाली सरकवली. वर चादर टाकली. आणि जाहीर केलं की आज गाडी ते चालवणार.

“गुडघे?” सुनेने विचारलं.

“गुडघ्याने थोडीच चालवायची आहे?”

आई दारातून म्हणाल्या, “जाऊ दे गं. आज यांचा सराव होईल, उद्या माझा, शेक द्यायचा.”

जातानाच खोली थोडी अंग हलवत होती. आप्पांनी ते वाऱ्यावर ढकललं. परतीला मात्र वाऱ्याचं निमित्त उरलं नाही. तोच उतार, आणि समोरून येणारी एक बस. खोली एकदम डावीकडे गेली, मग उजवीकडे, आणि आप्पांनी जन्मभराच्या सवयीने ब्रेकवर पाय दाबला. खोलीने जणू ट्रकला मागून खांद्याने रेटलं. धाकटी तिरकी झाली, खोलीचा मागचा कोपरा समोरून येणाऱ्यांच्या बाजूत गेला आणि बसवाल्याने ऐनवेळी गाडी कडेला घेतली म्हणून निभावलं. बसचा भोंगा लांब जाईपर्यंत वाजत होता.

“पाय काढा, आप्पा,” सून शांतपणे म्हणत होती. “ब्रेकवरचा पाय काढा. चाक सरळ धरा. बस्स, असंच.”

आप्पांनी पाय काढला. खोली कशीबशी ओळीत आली. ते रस्त्याच्या कडेच्या खडीत थांबले आणि इंजिन बंद केल्यावरही त्यांचे हात चाकावरच राहिले.  

सुनेने त्यांना पाणी दिलं आणि मागे गेली. बऱ्याच वेळाने आप्पा उतरून खोलीच्या दारात आले. कपाटाचे बारा-पंधरा खण बाहेर पडले होते. भिंगं जमिनीवर विखुरली होती आणि सून फतकल मारून एकेक उचलत, प्रकाशाकडे धरून चरा पडलाय का ते बघत, नंबरवार लावत होती. वाळूच्या पोत्यांवरची चादर घसरली होती. पोती उघडी पडली होती. तिने ती पाहिली होती हे तिच्या न बघण्यावरून कळत होतं.

आप्पा पायरीवर बसले. “पोती मी टाकली,” ते म्हणाले. “टेम्पोवाला म्हणाला म्हणून. नाही, मलाच पटलं म्हणून.”

“बरं झालं टाकलीत,” सून म्हणाली.

आप्पांना वाटलं टोमणा आहे. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

“मागे वजन वाढलं आणि डुलणं वाढलं. म्हणजे रोग कुठल्या अंगाला आहे ते कळलं,” ती म्हणाली. मग एक भिंग पुसत तिने विचारलं, “आप्पा, परवा जाताना एकदाही हलली नाही. येताना हलली. रस्ता तोच, उतार दोन्हीकडून, गाडी तीच. मधल्या वेळात खोलीत काय बदललं?”

आप्पांनी विचार केला. बाक तेच, यंत्र तेच. माणसं आली नि गेली. त्यांची नजर पुढच्या कोपऱ्यात गेली आणि थांबली. सकाळी तीनशे लिटर भरलेली टाकी. दिवसभर यंत्राला पाणी, हात धुवायला पाणी, रांगेतल्यांना प्यायला पाणी. संध्याकाळी ठणठणीत.

“पाणी,” ते म्हणाले.

“मलाही तेच वाटतंय. वजन करून बघू या.”

खडीच्या कडेला पोती रिकामी करून वाळू तिथेच ओतली, तेव्हा एक पोतं आप्पांनी स्वतः फरफटत आणलं. त्या संध्याकाळी त्यांनी घरी सगळं सांगितलं, बससकट. आईंनी पहिल्यांदाच काही टोला मारला नाही. नुसता शेक दिला.

भंगारवाल्याच्या आवारात मोठा वजनकाटा होता, आणि तो सांभाळणारी बाई खिडकीत बसून विणकाम करायची. सुनेने तिला काय हवं ते सांगितलं तेव्हा तिने सुया खाली ठेवल्या. सगळा माल एकदम तोलायची तिला सवय होती. पण सून म्हणत होती, आधी अख्खी खोली काट्यावर, मग चाकं बाहेर आणि पुढच्या दांड्याचं छोटं चाक तेवढं काट्यावर.

“दांड्याचं वजन कशाला?” काटेवालीने विचारलं.

“खोली ट्रकच्या खांद्यावर किती भार देते ते बघायचंय. दहा भागांतला निदान एक भाग तरी द्यायला हवा. दिला नाही तर मागचं टोक मोकाट सुटतं.”

टाकी भरून अख्खी खोली भरली एकोणीसशे किलो. दांडा एकशेसाठ. सुनेने वहीत लिहिलं आणि टाकीची तोटी उघडली. पाणी जायला अर्धा तास लागला. काटेवालीने तेवढ्यात मोज्याची टाच संपवली. रिकाम्या टाकीने खोली सोळाशे. आणि दांडा पन्नास.

“पन्नासच?” आप्पांनी वाकून काट्याच्या आकड्यांकडे पाहिलं. सोळाशे किलोची खोली, आणि तिचं नाक गव्हाच्या एका पोत्याएवढं. त्यात त्यांनी मागे ऐंशी किलो वाळू भरली होती. त्या दिवशी उतारावर दांड्याला जवळजवळ काहीच भार नव्हता. 

“पण मग थोरलीच्या मागे…” ते म्हणाले.

“थोरली जड होती. हुक खाली होता, आणि तिच्या मागच्या चाकांना चिकटून होता. धाकटीचा हुक चाकांपासून लांब आहे आणि वीतभर उंच. खोलीचं नाक वर जातं, मागचं बूड खाली बसतं. हुक लांब असल्यामुळे खोली जरा हलली की ट्रकची शेपूटही हलते.” तिने वही मिटली. “थोरलीच्या मागेही वजन असंच चुकीचं होतं, आप्पा. तिने ते कधी कळू दिलं नाही.”

आप्पा काट्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. यंत्र मागे त्यांनीच बसवलं होतं, कारण मागच्या खिडकीतून उजेड चांगला यायचा. जादा चाक मागे त्यांनीच टांगलं होतं. कपाट मागे. दर दोन-तीन वर्षांनी एकेक गोष्ट मागे गेली होती आणि सव्वीस वर्षं त्यांनी आपल्या हाताला शाबासकी दिली होती. बिचाऱ्या थोरलीने सगळं पोटात घातलं होतं.

वेल्डर घरी आला तो उत्साहाने फुगलेला. “सगळं एकदम करून टाकू. हुक खाली घेतो, डुलणं रोखायला जोडणीला दोन्हीकडून आवळायच्या दांड्या लावतो, यंत्र पुढे सरकवतो. एका दिवसात मोकळे.”

“एकेक करू,” सून म्हणाली. “एक बदलायचं, चालवून बघायचं, लिहून ठेवायचं. मगच दुसरं.”

“असं केलं तर आठवडा जाईल, वहिनी.”

“जाऊ दे. एकदम सगळं बदललं तर कशाने बरं वाटलं ते कसं कळणार? पुढच्या वेळी बिघडलं की पुन्हा अंधारात चाचपडायचं.” मग तिने आप्पांकडे बघितलं. “खुर्चीत बसलेल्या माणसाला तुम्ही एका वेळी एकच भिंग बदलून विचारता ना? हे बरं की आधीचं बरं? मला पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत.”

सांगितलं होतं खरं. आप्पांना ते आठवतही नव्हतं. हजारो डोळ्यांवर त्यांनी ते वापरलं आणि स्वतःच्या गाडीची वेळ आली तेव्हा टेम्पोवाल्याचं ऐकलं.

पहिली पाळी वजनाच्या मांडणीची. यंत्र पुढे घ्यायचं तर मधे कपाट येत होतं. ते भिंतीत असं बसवलेलं होतं की खालचा सांधा सोडल्याशिवाय निघणार नाही. वेल्डरने पहार उचलली. सुनेने त्याला हाताने थांबवलं आणि आप्पांना म्हणाली, “दुसरा काही मार्ग निघतो का बघते. दोन दिवस द्या मला.”

“दोन दिवस कशाला?” आप्पा म्हणाले. “ते मी काढतो. पहार ठेव बाबा खाली, हे लाकूड आहे, कुलूप नाही.”

त्यांनी लाकडी हातोडी आणि पातळ पटाशी घेतली, गुडघ्याखाली उशी घातली आणि दुपारभर एकेक खाच मोकळी केली. एकही सांधा फुटला नाही. सून शेजारी बसून खण हातात घेत होती, पाठीवर नंबर लिहून ओळीने मांडत होती. मधेच ती एका सांध्यावरून बोट फिरवत म्हणाली, “ह्यात खिळा कुठेच नाही.” पुढचा सांधा आप्पांनी जरा जास्तच सावकाश, तिला दिसेल असा सोडवला.

यंत्र चाकांच्या थोडं पुढे आलं. कपाट त्याच्या समोर. जादा चाक मागून काढून दांड्यावर. आणि टाकी बरोबर चाकांच्या एक्सलच्या डोक्यावर, म्हणजे भरली काय नि रिकामी काय, नाकाला फरक पडायचा नाही. पुन्हा काट्यावर नेली. काटेवाली आता विणकाम बाजूला ठेवूनच बसली होती.

“रिकामी टाकी, एकशेनव्वद,” तिने खिडकीतून आकडा सांगितला. आणि पाणी भरल्यावर, “भरली टाकी, एकशेनव्वद. तेवढंच हो.” तिने सुनेकडे असं बघितलं, जसं शेजारणीच्या विणीकडे बघतात, टाके मोजत.

बंद गोदामांच्या मागे लांब, सरळ आणि मोकळा रस्ता होता. तिथे सुनेने खोली चालवली, टाकी रिकामी ठेवून. चाळीसला ठीक. पन्नासला ठीक. साठच्या पुढे किंचित डुलली आणि आपली आपण थांबली.

“झालं की,” वेल्डर म्हणाला.

“अर्धं झालं,” ती म्हणाली.

मग हुक वीतभर खाली आला. खोली जोडल्यावर सुनेने जमिनीपासून पुढच्या कडेची उंची मोजली, मागच्या कडेची मोजली, दोन्ही सारख्या. पुन्हा तोच रस्ता. पासष्टपर्यंत काही नाही. सत्तरला मात्र एक बारीकशी थरथर आली, जशी डोळ्याची पापणी फडफडते. वेल्डरला ती जाणवलीच नाही. आप्पांना जाणवली, कारण आता ते सूचना देत नव्हते, लक्ष देत होते.

“आहे अजून,” ते म्हणाले.

“आहे,” सून म्हणाली. “पण ही खोलीची वाटत नाही. ट्रकची वाटते.”

ती उतरली, धाकटीच्या मागच्या चाकावर हात टेकून अंगाचा भार दिला आणि गाडी बाजूला हलते का ते पाहिलं. ट्रक डगमगला. हवा मोजली तर चारही टायरमध्ये बरीच कमी. विकणाऱ्याने गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी ठेवली होती. गुबगुबीतपणाचं अर्धं गुपित तेच. तिने चारही चाकांत, गाडीवर लिहिलेली भाराची हवा भरली, खोलीच्या चाकांचीही पाहिली, वहीत आकडे लिहिले आणि पुन्हा सत्तर गाठलं. पापणी फडफडली नाही. तिने मुद्दाम चाक किंचित झटकलं. खोलीने एकदाच मान हलवली आणि मुकाट्याने मागे यायला लागली.

वेल्डरने टोपी काढून डोकं खाजवलं. “दांड्या लावायच्याच नाहीत मग?”

“लावू. पण त्या आजारी गाडीला औषध म्हणून नकोत. पावसापाण्यात, वाऱ्यात जरा आधार म्हणून असू देत.”

सोमवारी खोली बाहेर पडली. दूरच्या वस्तीवर, सर्वात लांबच्या फेरीला. दिवसभरात एकावन्न माणसं तपासली. टाकी संपली. यंत्राची नवी जागा आप्पांना आधी अडचणीची वाटली. मग लक्षात आलं की बाजूच्या खिडकीतून उजेड खांद्यावरून येतो आणि काचेवर स्वतःची सावली पडत नाही. हे त्यांनी सुनेला लगेच सांगितलं नाही. एक काच घासून झाल्यावर सांगितलं.

परतीला तोच उतार आला. आप्पांनी वरच्या कडीला हात घातला. मागून एक दुधाचा टँकर भरधाव आला आणि त्यांना ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्याने धाकटी किंचित बाजूला सरकली. आप्पांचा पाय नसलेल्या ब्रेकवर गेला. आरशात खोली एक बोटभर हलली, आणि पुन्हा सरळ. सुनेच्या हाताची बोटंसुद्धा आवळली नव्हती.

उतार संपला तशी आप्पांनी कडी सोडली. मग म्हणाले, “पहिल्या दिवशी इथेच मी ब्रेक ब्रेक ओरडलो. तू माझं ऐकलं असतंस तर आपण दोघं रस्त्याकडेच्या खड्ड्यात असतो.”

“भीती मलाही वाटली होती.”

“वाटली असेल. हातात दिसली नाही.” असं बोलायची त्यांना सवय नव्हती. “हात सैल म्हणालो ते चुकलं. एवढा सुरेख हात मी माझ्या बापाचा पाहिला होता, त्यानंतर तुझाच.”

सुनेने रस्त्यावरची नजर काढली नाही, पण तिचे कान लाल झाले. “बापाचं नाव काढलंत म्हणजे आता मला कायमचं नीट चालवावं लागणार,” ती म्हणाली.

घरी आल्यावर आप्पांनी आईंना सगळं सांगायला घेतलं. टाकी कशी मधे आली, रिकामी-भरली दोन्ही वेळा आकडा कसा एकच, सुनेने थरथर खोलीची की ट्रकची ते कसं ओळखलं, टँकर कसा गेला. ताट वाढलं, जेवण झालं, ताट उचललं, तरी सांगणं चालूच. आई ऐकत होत्या.

“एवढं कौतुक माझ्या हाताचं कधी झालं नाही घरात,” त्या म्हणाल्या. “तिला सांगितलंत का हे, की सगळं मलाच?”

“तिलाही सांगितलं.”

“मग काय म्हणाली?”

“म्हणाली, यापुढे दर फेरीआधी टायरची हवा तुम्ही बघा, आप्पा. दुसऱ्या कुणावर सोडायला नको.”

आईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आप्पा हवा मोजायचं छोटं यंत्र खिशातून काढून रुमालाने पुसत होते, अगदी मन लावून, भिंग पुसतात तसं.